डासांच्या निमित्ताने स्पॅनिश

परकी भाषा शिकायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्याकरणाचे एक जाडजूड पुस्तक उभे राहते. त्याच्या पहिल्या पानावर ‘हा राजा आहे’, ‘ही राणी आहे’, ‘राजाजवळ घोडा आहे’ अशी वाक्ये असतात. आता श्रोतेहो, तुम्हीच सांगा, गेल्या वर्षभरात तुमच्या घरी राजाराणीचा विषय किती वेळा निघाला? आणि डासांचा किती वेळा निघाला? पावसाळा सुरू झाला की दिवेलागणीपासून घरोघर तीच तक्रार असते. डास चावले, झोप झाली नाही, मच्छरदाणी फाटली, पाणी साचले, कोणाला तरी ताप आला. या तक्रारीत राजाराणीचे ऐश्वर्य नाही. पण रोजच्या जगण्याला जी भाषा लागते ती जवळजवळ सगळी आहे. भूतकाळ आहे, नकार आहे, प्रश्न आहे, आज्ञा आहे, वार आहेत, भांडी आहेत, दुखणी आहेत. तेव्हा आज आपण हाच विषय घेऊ आणि त्याच्या आधाराने स्पॅनिश भाषेची थोडी तोंडओळख करून घेऊ.

स्पॅनिशच का, असे कोणी विचारील. ही भाषा २० देशांची राजभाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. स्पेन हे तिचे माहेर. पण तिचा मोठा संसार अटलांटिक महासागरापलीकडे, मेक्सिको, क्यूबा, होंडुरास, कोलंबिया, पेरू अशा देशांत आहे. यांपैकी कितीतरी मुलूख आपल्यासारखाच उष्ण आणि पावसाळी. घराबाहेर पाण्याचे पिंप, अंगणात कुंड्या, आणि संध्याकाळी कानाशी गुणगुण. म्हणजे विषय तोच, फक्त भाषा निराळी.

दुसरेही एक कारण आहे आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे. आपल्याकडे खेड्यातला मुलगा इंग्रजीत अडखळला की ‘याला भाषा येत नाही’ असा शिक्का बसतो. जगातल्या साऱ्या भाषांकडे जाण्याचा रस्ता इंग्रजीच्या वेशीतूनच जातो, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी नाही. स्पॅनिशच्या पुष्कळ गोष्टी इंग्रजीतून कठीण वाटतात आणि मराठीतून सरळ समजतात. ते कसे, हे डासच आपल्याला दाखवील.

पहिला शब्द घेऊ. डासाला स्पॅनिशमध्ये ‘मोस्कितो’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, हा तर इंग्रजी शब्द. नव्हे, इंग्रजीने तो स्पॅनिशकडून घेतला आहे. ‘मोस्का’ म्हणजे माशी. तिला ‘इतो’ हा प्रत्यय लागला की झाली ‘मोस्कितो’, म्हणजे लहानशी माशी. हा ‘इतो’ किंवा ‘इता’ प्रत्यय स्पॅनिश माणसाच्या तोंडी सारखा असतो. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कासिता’ म्हणजे घरकुल. ‘पोको’ म्हणजे थोडे, ‘पोकितो’ म्हणजे अगदी थोडेसे. आपणही डबा लहान झाला की डबी म्हणतो, गाडा लहान झाला की गाडी म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

उच्चाराकडे जरा लक्ष द्या. ‘मोस्कितो’तला ‘तो’ हा आपल्या तळहातातला ‘त’ आहे, टेबलातला ‘ट’ नव्हे. स्पॅनिशमध्ये ‘ट’ आणि ‘ड’ नाहीत; ‘त’ आणि ‘द’ आहेत, तेही दातांना जीभ लावून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. स्वरही पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते जसे लिहिले तसे उच्चारायचे. इंग्रजीतल्यासारखी स्वरांची लपाछपी नाही. तीन-चार खुणा मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. रोमन लिपीतला ‘एच’ लिहितात पण उच्चारत नाहीत, ‘व्ही’चा उच्चार ‘ब’सारखा होतो, ‘जे’चा उच्चार घशातून काढलेल्या ‘ह’सारखा होतो, आणि ‘र’ एकदा म्हटला तर एक अर्थ, घोळवून दुप्पट म्हटला तर दुसरा. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ज्याच्या तोंडात ‘कर’ आणि ‘खर्रर’ हे दोन्ही सहज बसतात, त्याला हे जमायला आठवडाही लागू नये.

आता डास चावू द्या. ‘मे पिको उन मोस्कितो.’ यात ‘पिको’चा जोर शेवटच्या ‘को’वर द्यायचा. शब्दशः पाहा: ‘मे’ म्हणजे मला, ‘पिको’ म्हणजे चावला, ‘उन मोस्कितो’ म्हणजे एक डास. मला चावला एक डास. एक डास असेल तर ‘पिको’, पुष्कळ असतील तर ‘पिकारोन’. जसे आपले ‘चावला’ आणि ‘चावले’. क्रियापद डासाप्रमाणे बदलते, आणि ज्याला चावला तो बिचारा ‘मला’ म्हणून बाजूला बसतो. इंग्रजीच्या वाटेने जाणारा विद्यार्थी येथे पुष्कळदा ‘मी डासाकडून चावला गेलो’ असा वळसा घालून येतो. मराठी मुलाला वळशाची गरजच नाही.

हा ‘मे’, म्हणजे आपला ‘मला’, स्पॅनिशमध्ये फार कामाचा आहे. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडते. ‘मे पिका ला मानो’ म्हणजे मला हाताला खाजते. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे मला डोके दुखते. आपण ‘माझे डोके दुखते’ म्हणतो एवढाच फरक. ‘मे मोलेस्तान लोस मोस्कितोस’ म्हणजे मला डास त्रास देतात. आवड, खाज, दुखणे, त्रास या गोष्टी माणूस करीत नाही, त्या त्याला होतात, ही समजूत दोन्ही भाषांच्या बांधणीत आहे. म्हणून इंग्रजी शिकलेल्याला जे ‘मे गुस्ता’ उलटे वाटते, ते आपल्याला सुलटे वाटते.

‘पिकार’ या क्रियापदाची आणखी एक मौज आहे. डास चावतो त्यालाही ‘पिकार’, त्या जागी खाजते त्यालाही ‘पिकार’, आणि मिरची जिभेला झोंबते त्यालाही ‘पिकार’च. मेक्सिकोत जेवायला बसलेला पाहुणा वाटीकडे बोट दाखवून विचारतो, ‘पिका?’ म्हणजे तिखट आहे का? एका शब्दात आपले चावणे, खाजणे आणि झोंबणे ही तिन्ही आली. असा एक शब्द नीट समजला की दहा सुटे शब्द पाठ केल्याचे काम होते.

आता दोन शेजारणींचा सकाळचा संवाद ऐका. ठिकाण मध्य अमेरिकेतले, समजा होंडुरासमधले एखादे गाव. तिकडे डासाला ‘सान्कुदो’ असेही म्हणतात. ‘सान्को’ म्हणजे उंच चालण्यासाठी पायाला बांधायची काठी; तेव्हा ‘सान्कुदो’ म्हणजे काटकुळ्या लांब पायांचा.

‘ब्वेनोस दीआस, बेसिना. दुर्मिओ ब्येन?’ नमस्कार शेजारीणबाई, झोप झाली का नीट?

‘नो दोर्मी नादा. मे पिकारोन लोस सान्कुदोस तोदा ला नोचे.’ अजिबात झोपले नाही. रात्रभर डास चावले मला.

‘नो त्येने मोस्कितेरो?’ मच्छरदाणी नाही का तुमच्याकडे?

‘सी, पेरो एस्ता रोतो.’ आहे, पण फाटलीय.

‘इ आय आग्वा एन एल बाल्दे?’ आणि बादलीत पाणी आहे का?

‘सी, देस्दे एल लुनेस.’ हो, सोमवारपासून आहे.

‘आय, बेसिना! आय के तिरार्ला.’ अगं बाई! ते फेकून द्यायला हवे.

सात वाक्ये झाली. यात काय काय आले पाहा. ‘दोर्मी’ म्हणजे ‘मी झोपले’. ‘मी’ हा शब्द वेगळा घालावा लागला नाही, कारण क्रियापदाच्या शेपटावरून तो कळतो. आपणही ‘येतो हं’ एवढेच म्हणतो, ‘मी’ कोण म्हणत बसतो? ‘आय’ म्हणजे ‘आहे’ किंवा ‘आहेत’. एकच रूप, एक असो की शंभर. आणि ‘आय के’ जोडले की झाले ‘हवे’ किंवा ‘पाहिजे’: ‘आय के लाबार’, धुवायला हवे, ‘आय के तापार’, झाकायला हवे. एवढ्या एका युक्तीवर परक्या मुलखात माणूस दिवस काढू शकेल.

बादलीला ‘बाल्दे’ म्हणतात हे ऐकून कान टवकारले असतील. हा योगायोग नव्हे. पोर्तुगीज लोक गोव्यात १५१० साली आले आणि १९६१ पर्यंत राहिले. वसईही १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. त्यांच्या भाषेतून आपल्या घरात बादली आली, पिंप आले, घमेले आले, चावी आली, पगारही आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळे ‘बाल्दे’ दोघींकडे आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, हे क्रियापद दोघींकडे आहे. आणि पिंपाचे मूळ जे ‘पिपा’, तो शब्द मेक्सिकोत आज पाण्याच्या टँकरसाठी वापरतात. गावात टँकर आला की ‘पिपा’ आला! कोकणातली किंवा माणदेशातली बाई न शिकताच चार स्पॅनिश शब्दांच्या जवळपास असते, ती अशी.

मात्र सगळीकडे एकच शब्द चालतो असे समजू नका. बादलीला दक्षिण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी ‘बाल्दे’, मेक्सिकोत ‘कुबेता’, तर स्पेनमध्ये ‘कुबो’. आपल्याकडे तरी कळशी, घागर, हंडा यांची नावे आणि मापे दर जिल्ह्यागणिक बदलतातच की! एक शब्द चुकला तर हाताने दाखवावे. पुढचा माणूस हसून आपला शब्द सांगतो आणि तो मग कायमचा लक्षात राहतो.

आता आज्ञा. मेक्सिकोच्या आरोग्य खात्याने डेंग्यूविरुद्ध चार शब्दांची एक घोषणा घरोघर पोहोचवली आहे: ‘लाबा, तापा, बोल्तेआ इ तिरा.’ अर्थ असा: धू, झाक, पालथे घाल आणि टाकून दे. पाण्याची टाकी घासून धू, पिंप झाक, रिकामी बादली पालथी घाल, फुटके डबे आणि जुने टायर टाकून दे. चार क्रियापदांत सारी मोहीम आली. यांत कोठे शास्त्रीय शब्द नाही, उपदेश नाही. बाई अंगणात उभी राहून मुलाला जे सांगते तेच आहे. म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली.

ही आज्ञा ‘तू’ला केलेली आहे. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच दोन दर्जे आहेत. ‘तू’ म्हणजे तू. उच्चारही तोच, अर्थही तोच! आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही किंवा आपण. उस्तेदला सांगायचे असेल तर शेवटचा स्वर बदलतो: ‘तापा’चे ‘तापे’ होते, ‘लाबा’चे ‘लाबे’, ‘तिरा’चे ‘तिरे’. आपण ‘झाक’चे ‘झाका’ करतो, ‘टाक’चे ‘टाका’ करतो, तसेच. सासूबाईंना ‘झाक’ म्हणू नये हे ज्याला घरीच शिकवले आहे, त्याला ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांचा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे काम कधी करायचे? आठवड्यातून एकदा. आपल्याकडेही आरोग्यसेवक आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. त्यामागचे कारण असे की, डेंग्यूचा डास अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस घेतो. त्याआधी पाणी ओतून टाकले तर साखळी तुटते. येथेच वारांची नावे शिकून घेऊ, कारण ती मराठी माणसाला फुकट मिळण्यासारखी आहेत. ‘लुनेस’ हा लूना म्हणजे चंद्राचा वार, आपला सोमवार. ‘मार्तेस’ मंगळाचा, ‘मिएर्कोलेस’ बुधाचा, ‘हुएबेस’ गुरूचा, ‘बिएर्नेस’ शुक्राचा. पाचही वार ग्रहाला ग्रह जुळतात. फक्त ‘साबादो’ आणि ‘दोमिंगो’, म्हणजे शनिवार आणि रविवार, यांची नावे धर्मपरंपरेतून आलेली आहेत. ‘तोदोस लोस बिएर्नेस’ म्हणजे दर शुक्रवारी.

पण नुसते पाणी ओतून भागत नाही, आणि ही गोष्ट होंडुरासच्या बायकांकडून शिकण्यासारखी आहे. तिकडे घराच्या मागे सिमेंटची एक टाकी असते, तिला ‘पिला’ म्हणतात. धुणे-भांडी सारे तिच्या पाण्यावर. नळाचे पाणी रोज येत नाही म्हणून ती भरून ठेवायची, आणि भरून ठेवली की डास होणार. आपल्या दुष्काळी गावांतली हीच अडचण आहे. पाणी टाकून द्या म्हणणे सोपे, पण टँकरचे पाणी कोण टाकील? शिवाय हा डास पाण्याच्या काठाशी, भिंतीच्या ओल्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून होंडुरासमध्ये, पाणी कमी झाले असताना, क्लोरीन आणि धुण्याची पावडर यांचे मिश्रण टाकीच्या भिंतीला चोपडायचे, थोडा वेळ तसेच ठेवायचे आणि मग घासून धुवायचे, अशी पद्धत बसवली. तिचे नाव ‘उन्तादिता’. ‘उन्तार’ म्हणजे चोपडणे; शेवटी तोच आपल्या ओळखीचा ‘इता’. म्हणजे ‘जराशी चोपडणी’. आपल्याकडे असे काही करायचे असेल तर प्रमाण आरोग्यसेवकाला विचारूनच ठरवावे. पण भिंत घासल्याशिवाय टाकी स्वच्छ होत नाही, ही मूळ गोष्ट साध्या काथ्याने आणि हातानेही पाळता येते.

या विषयातले मोठे शोधही याच भाषेशी गुंतलेले आहेत. डास पिवळा ताप पसरवतो, असे क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली हवाना येथील विज्ञान अकादमीपुढे मांडले. पिवळ्या तापाला स्पॅनिशमध्ये ‘फिएब्रे आमारिया’ म्हणतात. विशेषण नामानंतर आले, आणि ‘फिएब्रे’ स्त्रीलिंगी म्हणून ‘आमारियो’चे ‘आमारिया’ झाले. जसे आपले पिवळा ताप आणि पिवळी साडी. फिनले यांचे म्हणणे जवळजवळ वीस वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. दरम्यान १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पुढे १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन मंडळाने हवानामध्येच प्रयोग करून फिनले यांचे म्हणणे खरे ठरवले. त्या प्रयोगांसाठी डासांची अंडी फिनले यांनीच दिली होती. ‘डेंग्यू’ हा शब्दसुद्धा जगाला स्पॅनिशमधून मिळाला. तिकडे त्याचा उच्चार ‘देंगे’ असा होतो. आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी हिवतापावर घेतलेले कडू कोयनेल, त्याचे क्विनाईन हे नाव पेरूतील ‘किना’ या शब्दापासून स्पॅनिश लोकांच्या मार्फत जगभर गेले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्पॅनिश म्हणजे मराठीच, असे नव्हे. तिच्यात नामांना नपुंसकलिंग नाही. पाणी आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘ती’. म्हणून तर वरच्या संवादात ‘तिरार्ला’ आले, ‘तिला फेकणे’. आपण ‘बादलीत’ म्हणतो, ते म्हणतात ‘एन एल बाल्दे’, म्हणजे ‘त’ आधी आणि बादली मागून. क्रियापदांची रूपे पुष्कळ आहेत आणि ती घोकावी लागतात. पण घोकण्याआधी भाषेची चाल कानात बसलेली असली तर घोकणे जड जात नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. हिंदी असो, इंग्रजी असो की आणखी एखादी भाषा, वर्गात एकदा असा प्रयोग करून पाहा. मुलांना घरच्या डासांवर मराठीत दहा वाक्ये लिहू द्या. जशी घरी बोलतात तशीच, शुद्धलेखनाचा धाक न दाखवता. मग त्या दहा वाक्यांपुढे नव्या भाषेतली दहा वाक्ये ठेवा आणि मुलांनाच विचारा, काय जुळले, काय उलटे झाले, कोणता शब्द आपल्याकडे नाही. कोपऱ्यात गप्प बसणारा मुलगा येथे बोलू लागतो, कारण या विषयात तो अडाणी नसतो. पाणी कोठे साचते, अळ्या कशा वळवळतात, कोणाच्या घरी ताप आहे, हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असते. ज्याला सांगायला काही आहे, तो सांगण्यासाठी शब्द शोधतो. आणि ते सापडू लागले की ‘मला भाषा येत नाही’ ही त्याची भीती कमी होते.

आणि धडा संपला की त्याच मुलांना घेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे जा. झाकण नीट बसते का पाहा, काठ घासा, मागच्या बाजूला पडलेला फुटका डबा पालथा घाला. एकाने म्हणावे ‘लाबा’, दुसऱ्याने ‘तापा’, तिसऱ्याने ‘बोल्तेआ’, चौथ्याने ‘तिरा’. शुक्रवारी पुन्हा तेच. महिन्याभरात चार क्रियापदे कोणी विसरणार नाही, आणि टाकीत अळ्याही दिसणार नाहीत.